बाँडने या गाड्या मोठ्या केल्या नाहीत, मोठ्या गाड्या बघून बाँड त्यांच्याकडे आला

गाड्यांच्या ग्रुप्सवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय, जो तो फॉरवर्ड करतोय आणि खाली लोक 'एकदम बरोबर' म्हणून अंगठे देतायत. मजकूर साधारण असा: साठच्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे तेल गळणारे, पावसात बंद पडणारे डबे होते, इंजिनिअरिंग म्हणून त्यात काही नव्हतं, कंपन्यांनी पैसे मोजून त्या बाँडच्या सिनेमात घुसवल्या, बीटल्ससारख्या पॉपस्टारना फुकट वाटल्या, आणि त्या झगमगाटामुळे आज आपण त्यांना क्लासिक म्हणतो. श्रीमंत छछोरांची ती खेळणी, आता फक्त म्हातारे इंग्रज त्यांच्यासाठी गहिवरतात, बाहेर कोणी विचारत नाही. सिनेमा आणि गाणी बाजूला काढा, मागे शून्य उरतं.

हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे वाचून गप्प बसवलं नाही. एकेक मुद्दा घेतो. जिथे खरं आहे तिथे खरंच म्हणेन, कारण काही गोष्टी त्यात खऱ्या आहेत, पण मूळ दावा जो आहे ना, की सिनेमाने गाड्या मोठ्या केल्या, तो पार उलटा आहे. गाड्या आधी मोठ्या झाल्या, रस्त्यावर आणि शर्यतीत, मग सिनेमावाले त्यांच्या दारात गेले आणि कित्येकदा रिकाम्या हाताने परत आले.

पहिला मुद्दा, कंपन्यांनी पैसे देऊन गाड्या सिनेमात घुसवल्या.

सगळे उदाहरण देतात ते 'गोल्डफिंगर'चं, १९६४. त्यातली चंदेरी अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५. आता यात काय झालं ते बघा. इयान फ्लेमिंगच्या १९५९ च्या कादंबरीतच बाँडकडे अ‍ॅस्टन मार्टिन आहे, डीबी मार्क थ्री, म्हणजे लेखकाने सिनेमाच्या पाच वर्षं आधी गाडी निवडून ठेवलेली. सिनेमा करायची वेळ आली तेव्हा निर्मात्यांनी कंपनीकडे नवीन मॉडेल मागितलं, तर अ‍ॅस्टनवाले गाडी द्यायला फारसे राजी नव्हते. बरीच मनधरणी झाल्यावर त्यांनी दिली ती कंपनीची प्रोटोटाइप, मुळात गडद लाल रंगाची, ती सिनेमासाठी चंदेरी रंगवली. पैसे मोजून घुसवायला निघालेली कंपनी अशी वागते का?

आणि जी जादू लोकांना आठवते ती तर अ‍ॅस्टनची नाहीच, ती केन अ‍ॅडम या कलादिग्दर्शकाची आणि जॉन स्टीअर्स या स्पेशल इफेक्ट्सवाल्याची. मशीनगन, मागून वर येणारी बुलेटप्रूफ पाटी, उडून जाणारी सीट हे सगळं त्यांनी बसवलं. फिरणाऱ्या नंबरप्लेटची कल्पना दिग्दर्शक गाय हॅमिल्टनची, त्याला पार्किंगचे दंड इतके व्हायचे की नंबर बदलता आला तर किती बरं असं त्याच्या डोक्यात आलं. हे सगळं कुठल्याही गाडीत बसवता आलं असतं, पण त्यांना ते याच गाडीत बसवायचं होतं, कारण १९५९ साली अ‍ॅस्टनने ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली होती, डीबीआर-१ गाडी, चालवणारे रॉय साल्व्हाडोरी आणि कॅरोल शेल्बी, आणि त्याच वर्षी जागतिक स्पोर्ट्सकार अजिंक्यपदही त्यांच्याकडे आलं होतं. इंग्लंडमधल्या पोराटोरांना ते नाव तोंडपाठ होतं.

बरं, बाँडमुळे अ‍ॅस्टन मार्टिन श्रीमंत झाली म्हणावं तर तेही नाही. डीबी-५ जेमतेम हजारभर बनल्या, १९६३ ते ६५. सिनेमा आला तेव्हा तिचं निम्म्याहून जास्त आयुष्य संपलेलं होतं. बाँडचे सिनेमे जगभर चालत होते त्याच काळात मालक डेव्हिड ब्राउन तोटा सोसत होता, १९७२ मध्ये त्याने कंपनी नाममात्र किमतीला विकून टाकली आणि १९७४ च्या अखेरीस तर कंपनी रिसीव्हरच्या (बुडालेली कंपनी सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात गेली, कारखाना बंद. जगातली सगळ्यात गाजलेली सिनेमातली गाडी ज्या कंपनीची, तिच्यावर दहा वर्षांत टाळं लागतं. त्या सिनेमाने खरा पैसा कुणाला दिला असेल तर कॉर्गी या खेळणी कंपनीला, १९६५ मध्ये त्यांनी छोटी सोनेरी डीबी-५ काढली, बटण दाबलं की आतला माणूस छपरातून बाहेर उडायचा, ती लाखोंनी खपली. इतकं मात्र मान्य करतो की आज डीबी-५ च्या किमती आभाळाला भिडल्यात त्यात बाँडचा वाटा मोठा आहे, कंपनीने २०२० मध्ये गोल्डफिंगरच्या साजासह २५ नव्या डीबी-५ बनवल्या त्या एकेक २७ लाख ५० हजार पौंडांना, वर कर वेगळा. पण ती आजची किंमत झाली. गाडी चांगली होती की नाही हा प्रश्न वेगळा.

आता याच मुद्द्यात एक गोष्ट आहे जी फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही माहीत नसावी. 'द सेंट' नावाची ब्रिटिश मालिका, रॉजर मूरची, १९६२ ला सुरू झाली. निर्मात्यांना नायकासाठी हवी होती जग्वार ई-टाइप. जग्वारने चक्क नाही म्हटलं. मग त्यांनी व्होल्व्हो पी-१८०० घेतली आणि व्होल्व्होचं भलं झालं. जग्वारने नाही का म्हटलं? कारण गाडीला आधीच इतकी मागणी होती की गिऱ्हाईकांना द्यायला गाड्या नव्हत्या, टीव्हीला कुठून देणार?

त्या मागणीची सुरुवात कशी झाली ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सिनेमातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा ते भारी आहे. मार्च १९६१, जिनिव्हा. जग्वारने ई-टाइप पहिल्यांदा दाखवली आणि पत्रकार, पाहुणे यांची एकच झुंबड उडाली, प्रत्येकाला त्यात बसून एक फेरी हवी होती आणि तिथे फेऱ्या मारायला असलेली एक गाडी पुरेना. जग्वारचा प्रमुख सर विल्यम लायन्सने इंग्लंडला निरोप धाडला. कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस तेव्हा टेस्ट ट्रॅकवर दुसरी गाडी चालवत होता, उघड्या टपाची, नंबर ७७ आरडब्ल्यू. हातातलं काम टाकून तीच गाडी घेऊन निघ असं त्याला सांगितलं. तो कॉव्हेंट्रीहून निघाला, डोव्हरला बोटीवर गाडी चढवली, फ्रान्स रात्रभर पळत पार केला आणि सकाळी जिनिव्हात हजर. आणि आल्या आल्या लोकांना बसवून फेऱ्या मारून आणायला सुरुवात. तेव्हा ना बाँड होता ना बीटल्स, पहिला बाँडपट यायला दीड वर्ष बाकी होतं आणि बीटल्सची पहिली रेकॉर्डही त्याच सुमाराची. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेग (पत्रकारांना दिलेली गाडी खास तयार केलेली होती, साधी थोडी कमी पळायची, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं) आणि किंमत करासकट २,१०० पौंडांच्या आत, म्हणजे तेव्हाच्या अ‍ॅस्टनच्या जवळपास निम्मी. गर्दी त्यासाठी होती.

आणखी दोन पटकन. पहिला बाँडपट 'डॉक्टर नो', त्यात बाँड चालवतो सनबीम अल्पाइन, ती का तर शूटिंग जमैकात होतं आणि त्या बेटावर जी स्पोर्ट्स कार हाताशी मिळाली ती हीच. आणि 'द इटालियन जॉब', १९६९, तीन मिनी कूपर. मिनी ही काही रूढ अर्थाने स्पोर्ट्स कार नाही, पण मजकुरात तिचंही नाव आहे म्हणून सांगतो. मिनी बनवणाऱ्यांनी सिनेमाला फारशी मदत केली नाही, बऱ्याच गाड्या निर्मात्यांना विकत घ्याव्या लागल्या. उलट तुरिनमध्ये फियाटने भरपूर सहकार्य केलं, कारखान्याच्या छपरावरचा ट्रॅक वापरू दिला, वर आमच्या गाड्या घ्या असा आग्रह केला. निर्मात्यांनी फुकटच्या फियाट नाकारल्या आणि मिनी ठेवल्या. कारण १९६४, ६५ आणि ६७ ला माँटे कार्लो रॅली मिनीने जिंकलेली होती, आणि ६६ ला सुद्धा त्याच पहिल्या आल्या होत्या पण दिव्यांच्या नियमावरून बाद ठरवल्या. लहान गाडी मोठ्यांना हरवते हे प्रेक्षकांनी खरोखर घडताना पाहिलं होतं म्हणून तो सिनेमा जमला.

सिनेमाने खरंच हात दिला असं एक उदाहरण द्यायचं तर लोटस एस्प्री, १९७७ चा 'द स्पाय हू लव्ह्ड मी', ती पाण्याखाली जाणारी पांढरी गाडी. तिथे लोटसच्याच माणसाने गाडी नेऊन पाइनवूड स्टुडिओत निर्मात्यांच्या नजरेस पडेल अशी उभी केली होती, आणि सिनेमानंतर मागणी वाढली. हे त्या मजकूरवाल्यांनी लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. पण ते उदाहरण त्यांनी दिलेलंच नाहीये, दिलंय ते डीबी-५ चं.

दुसरा मुद्दा, पॉपस्टारना गाड्या फुकट वाटल्या आणि त्यांनी जाहिरात केली.

पॉल मॅकार्टनीने १९६४ मध्ये डीबी-५ घेतली, स्वतःच्या कमाईच्या पैशाने, आत रेकॉर्ड प्लेअर बसवून घेतला. बावीस वर्षांचा पोरगा, लिव्हरपूलच्या साध्या घरातला, हातात पहिल्यांदा पैसा आला आणि त्याने तेच घेतलं जे त्याच्या वयाच्या प्रत्येकाला हवं होतं. जॉर्ज हॅरिसनकडे आधी ई-टाइप, मग डीबी-५. मिक जॅगरकडे डीबी-६. आणि जाहिरातच करायची असती तर जॉन लेननला सोडलं असतं का? १९६५ ला लायसन्स मिळाल्या मिळाल्या त्याने घेतली फेरारी, इटालियन. ज्याला जे आवडलं ते त्याने घेतलं, इतकं सरळ आहे. अमेरिकेतही हेच, क्लार्क गेबल जग्वार एक्सके-१२० च्या तिथल्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी, आणि स्टीव्ह मॅक्वीनने तर जग्वार एक्सकेएसएस घेतली, विकली, आणि चैन पडेना म्हणून परत विकत घेतली. त्या गाड्या जगात फक्त १६ बनल्या, कारण फेब्रुवारी १९५७ मध्ये कारखान्याला आग लागली. विकलेली गाडी पुन्हा पैसे मोजून घेणारा माणूस जाहिरात करत नसतो.

आणि गाण्यांचं काय म्हणता? मला इथे सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण गाण्यांमध्ये या गाड्या कशा आल्यात हे ऐकून घेतलेलंच नाही. १९६४ चं जॅन अँड डीनचं 'डेड मॅन्स कर्व्ह' घ्या. लॉस एंजेलिसमध्ये रात्री एक पोरगा कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार घेऊन चाललाय, शेजारी एक ई-टाइप येऊन उभी राहते, शर्यत लागते, आणि त्या कुप्रसिद्ध वळणावर जग्वार घसरते आणि गाणं संपतं ते अपघातावर. दोन वर्षांनी त्यातल्या जॅन बेरीचा खरोखरच भीषण अपघात झाला, त्याच्या कॉर्व्हेटमध्ये, त्या वळणापासून फार लांब नाही. दुसरं उदाहरण बीटल्सचंच, 'अ डे इन द लाइफ'. त्या गाण्याच्या सुरुवातीमागे टारा ब्राउन या २१ वर्षांच्या पोराचा मृत्यू आहे, बीटल्सच्या ओळखीतला, डिसेंबर १९६६ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात तो गेला, गाडी होती लोटस एलान. लेननने त्याच्या चौकशीची बातमी पेपरात वाचली आणि गाणं सुरू झालं. आता सांगा, कुठली कंपनी पैसे देऊन आपल्या गाडीचा अपघात गाण्यात घालून घेईल? ती गाणी झाली कारण त्या पिढीच्या रोजच्या जगण्यात या गाड्या होत्या, हौसेत होत्या आणि मरणातही होत्या. 'हॅरॉल्ड अँड मॉड' या १९७१ च्या सिनेमात तर नायक ई-टाइपची शववाहिका करून टाकतो.

आणखी एक गाणं, कारण यात दडलेली गोष्ट कुणी सांगत नाही. द रिप कॉर्ड्सचं 'हे लिटल कोब्रा', १९६४ च्या सुरुवातीला अमेरिकेत चौथ्या नंबरावर. अमेरिकन लोक ऊर भरून गातात, आमची कोब्रा. इंजिन फोर्डचं, बरोबर, कल्पना कॅरोल शेल्बीची, बरोबर, पण ती चासी (गाडीचा सांगाडा) आणि ती बॉडी मूळची एसी कंपनीच्या 'एस' या गाडीची, इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या टेम्स डिटन गावात बनणारी. शेल्बी तिथे गेला कारण हलकी, चोख वळणारी गाडी त्याला तिथे मिळाली. एका अमेरिकन हिट गाण्याच्या पोटात ब्रिटिश स्पोर्ट्स कार बसलीये आणि गाणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. झगमगाटाने मोठी केलेली वस्तू अशी निनावी राहून कामाला येत नाही.

तिसरा मुद्दा, इंजिनिअरिंग शून्य. हा मी लांबवत नाही, नुसत्या नोंदी बघा. १९५३ च्या ले मान्सला जग्वार सी-टाइप डिस्क ब्रेक लावून जिंकली, आज तुमच्या-माझ्या साध्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना जे ब्रेक आहेत ते शर्यतीत सिद्ध झाले ते तिथे. १९५१ ते ५७ या सात वर्षांत जग्वारने ले मान्स पाच वेळा जिंकली. ५७ ला तर पहिल्या चारही जागा डी-टाइपच्या. तिचा आकार काढणारा माल्कम सेअर विमानाच्या धंद्यातून आलेला, तो गणित करून रेषा काढायचा, आणि त्यानेच पुढे ई-टाइप काढली. लोटस एलान, १९६२, मधोमध पाठीच्या कण्यासारखी एक पोलादी चासी, वर फायबरग्लासची बॉडी, सगळं मिळून ७०० किलोच्या आसपास. मॅकलारेन एफ-१ ही सुपरकार बनवणारा गॉर्डन मरे आजही म्हणतो की एलानसारखं स्टीअरिंग त्याला आपल्या गाडीत देता आलं नाही याची त्याला चुटपुट आहे. आणि १९८९ ची माझदा एमएक्स-५, जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार, तिच्या जपानी इंजिनिअरांनी नमुना म्हणून डोळ्यापुढे एलान ठेवली होती. हिरोशिमाच्या इंजिनिअरला 'द अ‍ॅव्हेंजर्स' मालिकेतल्या एमा पीलच्या एलानशी काय देणंघेणं असणार, त्याला सस्पेन्शन बघायचं होतं.

चौथा मुद्दा, तेल गळतं, वायरिंग जळतं, भरवसा नाही. इथे थांबून बोलायला हवं कारण यात खरं आहे आणि लोकांना त्याचं कारण माहीत नाही.

हो, तेल गळतं. का गळतं? क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, इंजिनाच्या मागच्या टोकातून बाहेर येतो, तिथे आज रबरी ओठाचं सील असतं, घट्ट बसलेलं. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश इंजिनांमध्ये तिथे रबर नव्हतंच. त्याऐवजी शाफ्टवरच स्क्रूसारखी आटेदार खाच कोरलेली असायची. शाफ्ट फिरला की ती खाच तेलाला उलट आत ढकलते, म्हणजे गाडी चालू असताना सील उत्तम काम करतं, शाफ्टला काही घासत नाही, झीज नाही. पण इंजिन बंद केलं की ढकलणारं कोणी राहत नाही, मग जे तेल तिथे साचलंय ते सावकाश थेंब थेंब खाली येतं. म्हणून उभ्या गाडीखाली डाग पडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाडी फुटली, चालवणाऱ्याला माहीत असतं की डिपस्टिक बघायची आणि निघायचं. तीस-चाळीसच्या दशकातली रचना साठच्या दशकापर्यंत ओढत नेली हा दोष आहेच, तो मी झाकणार नाही. एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या नंतरच्या इंजिनात, पाच बेअरिंगवाल्या, त्यांनी रबरी सील दिलंसुद्धा.

वायरिंगचं म्हणाल तर या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या ल्यूकस कंपनीवर इतके विनोद झालेत की विचारू नका. पण गाडी उघडून बघितली तर बहुतेक वेळा बिघाड कुठे असतो? जोडांत. वायरींची टोकं गोळीसारख्या पितळी कनेक्टरमध्ये खुपसलेली असतात, दमटपणाने त्यावर हिरवा गंज चढतो, अर्थिंगचा बोल्ट रंगावर कसलेला असतो, मग दिवे मिणमिणतात आणि पंप अडखळतो. पॉलिश पेपरने टोकं घासा, बोल्टखालचा रंग खरवडून पुन्हा कसा, निम्मी दुखणी तिथेच संपतात. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला हे सांगायला लागत नाही.

आणि आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर याहून मोठं कोणतं असेल. अँबेसिडर. आपली अँबेसिडर, साहेबांची, पोलिसांची, लग्नाच्या वरातीतली. तिच्यात कित्येक दशकं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सीरीज. आणि १९५५ ची एमजीए, ती देखणी, ठेंगणी स्पोर्ट्स कार, तिच्यात काय होतं? तेच १४८९ सीसीचं बी-सीरीज. एमजीएला ट्यूनिंग वेगळं, दोन कार्ब्युरेटर, ताकद जास्त, पण घराणं एकच. एल्व्हिस प्रेस्लीने 'ब्लू हवाई' सिनेमात एमजीए चालवली आणि ती त्याला इतकी आवडली की स्वतः विकत घेतली, त्या गाडीचं इंजिन तर १५८८ सीसीचं पण तेही याच घराण्यातलं. मराठवाड्याच्या उन्हात, घाटात, भेसळीच्या पेट्रोलवर, सहा-सात माणसं कोंबून ज्या घराण्याच्या इंजिनाने आपल्याकडे पिढ्यानपिढ्या काम केलं, त्याला तुम्ही मूळचंच भंगार म्हणताय. तसंच स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासला बनायची, आपल्या वडिलांच्या पिढीला चांगली आठवते, त्याच ट्रायम्फ हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फ स्पिटफायर बनली, दोन्हींचा आकार काढणारा एकच, इटलीचा मिकेलोटी. या गाड्यांच्या पोटातले भाग आपण हाताळलेले आहेत, फक्त ते कुठून आले हे सांगितलं नाही कुणी.

मग बदनामी झाली कुठून? दोन ठिकाणांहून. एक, सत्तरचं दशक. १९६८ मध्ये सगळ्या कंपन्या मोडून-जोडून ब्रिटिश लेलँड केली, संप, तोटा, नव्या मॉडेलला पैसा नाही, आणि तिकडे अमेरिकेत प्रदूषण आणि सुरक्षेचे नियम कडक झाले. नवी गाडी बनवायच्या ऐवजी जुन्या एमजीबीलाच काळे रबरी बंपर लावले, बंपरची उंची नियमात बसावी म्हणून गाडी उचलली, अमेरिकेतल्या गाडीचे दोन कार्ब्युरेटर काढून एक लावला, ९५ अश्वशक्तीची ताकद साठच्या घरात आली. वळणावर ती कलायला लागली. लोक त्या गाडीवरून आधीच्या पंधरा वर्षांना शिक्षा करतात. आणि दुसरं ठिकाण कोणतं माहितीये? टीव्ही. 'मॅड मेन' या अमेरिकन मालिकेत, २०१२ सालचा भाग, एक पात्र आयुष्याच्या सगळ्यात वाईट क्षणी नव्या कोऱ्या जग्वारमध्ये बसतं आणि ती सुरूच होत नाही. जगभर लाखो लोकांनी ते बघितलं आणि जग्वार म्हणजे न सुरू होणारी गाडी हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणजे पडद्याने या गाड्यांची फक्त वाहवा केली असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं, बदनामीही पडद्यानेच केली आहे.

पाचवा मुद्दा, श्रीमंत छछोरांची खेळणी. अहो, बाँडची गाडी म्हणजे सगळ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार नव्हेत. १९५८ ची ऑस्टिन-हिली स्प्राइट सातशे पौंडांच्या आत मिळायची. १९६२ ची एमजीबी साडेनऊशेच्या आसपास. शिक्षक, नर्स, नोकरीला लागलेली पोरं हे तिचं गिऱ्हाईक. 'लव्ह स्टोरी' या १९७० च्या सिनेमात कॉलेजातला नायक जुनी एमजी टीसी चालवतो, कारण अमेरिकेत कॉलेजच्या पोरांकडे अशा गाड्या खरोखर असायच्या. आणि खपाचे आकडे बघितले तर या एका मुद्द्यात सगळा मजकूर कोसळतो. डीबी-५, बाँडची, हजार. ई-टाइप, ७२ हजार. स्पिटफायर, तीन लाखांहून जास्त. एमजीबी, पाच लाखांहून जास्त. ज्या गाडीला सगळ्यात कमी सिनेमा मिळाला ती सगळ्यात जास्त खपली. सिनेमाने गाडी विकली जात असेल तर हा क्रम बरोबर उलटा लागायला हवा होता ना?

शेवटचा मुद्दा, हा फक्त म्हाताऱ्या इंग्रजांचा गहिवर आहे, बाहेर कोणी विचारत नाही. एमजीए एक लाखाच्या वर बनल्या, त्यातल्या खुद्द ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या सहा हजारांच्या आसपास, बाकी सगळ्या परदेशात. युद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते, निर्यात करेल त्यालाच सरकार पोलाद देणार असा हिशोब होता, त्यामुळे या गाड्या पहिल्यापासून बाहेरच्या जगासाठीच बनल्या आणि बाहेरच्या जगाने त्या घेतल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ई-टाइप कायमस्वरूपी संग्रहात ठेवली आहे. १९९२ ला रोव्हर या ब्रिटिश कंपनीने एमजीबीच्या जुन्या बॉडीवर आधारलेली आरव्ही-८ काढली, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. आणि जग्वारची मालकी २००८ पासून टाटांकडे आहे, ज्यांचं मुख्यालय मुंबईत, म्हणजे ज्या नावाला हा मजकूर शून्य म्हणतो त्याच्यासाठी आपल्याच माणसांनी विचार करून पैसे मोजलेले आहेत.

सिनेमा बाजूला काढून काय उरतं हेच बघायचं असेल तर लोटस सेव्हन घ्या. १९५७ ची गाडी. दारं नाहीत, छप्पर नावापुरतं, पुढे लांब बोनेट आणि उघडी चाकं. १९६७ च्या 'द प्रिझनर' मालिकेत ती दिसली, पण ती मालिका एका मोसमात संपली आणि आजच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेलीही नसेल. लोटसने १९७३ मध्ये सेव्हन सोडून दिली, हक्क घेतले केटरहॅम या कंपनीने, आणि तीच रचना सुधारत सुधारत ते आजही नवीन बनवून विकतायत. एमजीबीचंही तसंच, कारखाना १९८० ला बंद झाला आणि १९८८ ला ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुने प्रेसचे साचे शोधून काढून कोऱ्या बॉड्या पुन्हा बनवायला घेतल्या, कारण लोकांची इंजिनं चालू होती, पत्रा मात्र गंजला होता, आणि लोकांना गाडी टाकून द्यायची नव्हती.